विम्याचा दावा आपला, खर्च तिसऱ्याचा: हिस्सा लिहून देण्याआधी

आज विम्याबद्दल बोलायचं आहे. विमा काढावा की नाही, हे आपण मागे गटांच्या बैठकांमधून पुष्कळ बोललो. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. विमा काढला, हप्ता भरला, नुकसान झालं आणि कंपनीने क्लेम नाकारला, तर लढायला पैसा कुठून आणायचा? आणि कोणी म्हणालं, “खर्च मी करतो, जिंकल्यावर मला हिस्सा द्या,” तर त्याला काय उत्तर द्यायचं?

एक उदाहरण घेऊ. समजा, कार्ला फाट्याजवळ एका ताईचं चिक्कीचं छोटं युनिट आहे. दोन भट्ट्या, शेंगदाणे-गुळाचा साठा, पॅकिंगचं मशीन. बँकेचं कर्ज आहे, म्हणून विमाही आहे. एका रात्री शॉर्टसर्किट होऊन आग लागते. सहा लाखांचं नुकसान. सर्व्हेअर येतो, फोटो काढतो, कागद मागतो. चार महिन्यांनी पत्र येतं: पॉलिसीच्या अमुक अटीमुळे क्लेम देता येत नाही. ताई खचून जाते. तेवढ्यात ओळखीतून एक गृहस्थ येतात. म्हणतात, “वकील, कोर्ट, येणं-जाणं, साठ हजार खर्च येईल. तो मी घालतो. हरलो तर माझे गेले. जिंकलो तर चाळीस टक्के माझे. या स्टॅम्पपेपरवर सही करा.”

आता हा माणूस चोर आहे असं आधीच धरून चालू नका. दुसऱ्याच्या दाव्याला पैसा लावून त्यात हिस्सा घेण्याची पद्धत जुनी आहे आणि आपल्याकडे ती मुळातच बेकायदा नाही. इंग्लंडमध्ये एके काळी याला गुन्हा मानत. पण हिंदुस्थानातून गेलेल्या एका जमिनीच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७६ साली सांगितलं की इंग्लंडचा तो नियम इथे तसाच लागू नाही. करार न्याय्य असेल तर चालेल. मात्र कोर्टाने तो बारकाईने तपासावा आणि त्यात गरजू माणसाची पिळवणूक असेल तर मान्य करू नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५४ साली आणि पुन्हा २०१८ साली सांगितलं आहे की वकील नसलेल्या माणसाने खटल्याला पैसा पुरवायला आणि निकालानंतर तो परत घ्यायला कायद्याची आडकाठी नाही.

“वकील नसलेल्या” हे शब्द लक्षात ठेवा. वकिलाला तुमच्या पैशात हिस्सा मागता येत नाही. “जिंकलो तर वीस टक्के माझे” असं म्हणणं हा वकिलाच्या व्यवसायाच्या नियमांचा भंग आहे. खटल्यासाठी अशिलाला कर्ज देणंही वकिलाला मना आहे. १९५४ चं जे प्रकरण मी सांगितलं ते एका ज्येष्ठ वकिलाचंच होतं. त्याने अशिलाकडून निम्मा हिस्सा लिहून घेतला होता आणि कोर्टाने ते गैरवर्तन ठरवलं. तेव्हा कोणी वकील टक्केवारी बोलू लागला, तर त्याला फी आकड्यात विचारा आणि पावती मागा.

मोठ्या कंपन्याही हा मार्ग वापरतात. शेजारच्या मुळशी तालुक्यातलं लवासा आपल्याला माहीत आहे. ते ज्या समूहाने उभारलं त्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने २०१९ साली एक करार जाहीर केला. लवादात अडकलेले आपले दावे गुंतवणूकदारांकडे द्यायचे आणि त्यापोटी १,७५० कोटी रुपये आधी घ्यायचे, असा तो करार होता. पण तिथे दोन्ही बाजूंना वकिलांची आणि हिशेबनिसांची फौज असते. आपली ताई एकटी असते, दुकान जळालेलं असतं, बँकेचा हप्ता थांबलेला नसतो. कायदा दोघांना सारखाच लागू असला तरी दोघांची अडचण सारखी नसते. म्हणून सही करण्याआधी आपण हिशेब मांडायचा.

ताईला सहा लाख मिळाले, तर चाळीस टक्के म्हणजे दोन लाख चाळीस हजार त्या गृहस्थांचे. त्यातले साठ हजार त्यांनी घातलेले आणि एक लाख ऐंशी हजार त्यांची कमाई. आता तेच साठ हजार ताईने आपल्या गटातून महिना शेकडा एक दराने घेतले आणि दोन वर्षं मुद्दल तसंच राहिलं असं धरलं, तरी व्याज होतं चौदा हजार चारशे. शेकडा दोनने धरलं तर अठ्ठावीस हजार आठशे. कुठे एक लाख ऐंशी हजार आणि कुठे अठ्ठावीस हजार!

पण हिशेब पुरा मांडायला हवा. ताई हरली तर गटाचं कर्ज तिला फेडावंच लागेल आणि हिस्सेदाराचे पैसे मात्र बुडतील. तो जो जादा पैसा घेतो तो या जोखमीचा. म्हणून ज्याचा दावा अगदीच अवघड आहे आणि ज्याच्याकडे दुसरा कोणताच आधार नाही, त्याला हिस्सा देणं परवडूही शकतं. पण मुळातला प्रश्न वेगळाच आहे. हे साठ हजार खरोखर लागणार आहेत का? माझं सांगणं असं, की आपल्यासारख्या छोट्या धंद्याच्या बाईला बहुतेक वेळा ते लागत नाहीत. बिनपैशाच्या किंवा अगदी थोड्या पैशाच्या चार वाटा आहेत. त्या आधी चालून बघायच्या.

पहिली वाट कंपनीच्याच तक्रार विभागाची. क्लेम नाकारल्याचं पत्र लेखी घ्यायचं, कोणत्या अटीवर नाकारला ते त्यात असतं. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागायची. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. विमा नियामकाकडेही तक्रार नोंदवता येते, त्याचा फोन नंबर आहे १५५२५५. फोनवर नुसतं बोलून थांबू नका, तक्रारीचा क्रमांक वहीत लिहा.

दुसरी वाट विमा लोकपालाची. याचं कार्यालय पुण्यात आहे. घरगुती विम्याप्रमाणेच एकट्या मालकाचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांच्या पॉलिसीची तक्रारही इथे चालते. म्हणजे आपली चिक्कीवाली ताई, शिवणकामवाली, किराणा दुकानवाली, सगळ्या यात बसतात. भरपाईची मर्यादा आता पन्नास लाख आहे. फी नाही, वकील नाही. कंपनीला लेखी तक्रार करून महिनाभर वाट बघायची. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जायचं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. एकच काळजी घ्यायची. तोच वाद आधी कोर्टात किंवा ग्राहक आयोगात घातला असेल तर लोकपाल तो घेत नाही. म्हणून हा क्रम पाळा, आधी लोकपाल आणि मग पुढचं.

तिसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. इथे बऱ्याच जणी अडतात. कंपनीचा माणूस सांगतो, “तुम्ही धंदा करता, तुम्ही ग्राहक नाही.” हे खरं नाही. अहमदाबादच्या एका वाहन विक्रेत्याची मालमत्ता २००२ च्या दंगलीत जळाली होती आणि त्याच्याबाबतही विमा कंपनीने हाच मुद्दा काढला होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला. धंदेवाल्याने विमा काढला तरी तो नुकसान भरून निघावं म्हणून काढतो, विम्यातून नफा कमवायला नाही, म्हणून तो ग्राहकच आहे. हा निकाल लक्षात ठेवा, कामाला येतो.

आणखी एक निकाल सांगते. एका दुकानदाराचं दुकान तळघरात होतं. कंपनीने जागा बघून विमा दिला, हप्ता घेतला. आग लागल्यावर पॉलिसीतली बारीक अक्षरातली अट दाखवली: तळघराला विमा लागू नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची ही भूमिका मोडून काढली. जी अट विम्याचा हेतूच रद्द करते आणि जी ग्राहकाला सांगितलेलीच नाही, तिच्या आडून कंपनीला सुटता येणार नाही. तेव्हा “अट आहे” एवढं ऐकून घरी बसू नका. ती अट तुम्हाला कधी आणि कशी कळवली होती, हे विचारा.

ग्राहक आयोगाची फी किती? ती क्लेमच्या रकमेवर ठरत नाही. तुम्ही जो हप्ता भरला त्यावर ठरते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. आपल्यात पाच लाख हप्ता भरणारी कोण आहे? म्हणजे आपल्याला फी नाहीच. तक्रार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या मुंबई-दिल्लीच्या कचेरीमागे धावायला नको. ती स्वतः लिहून देता येते, वकील असलाच पाहिजे असं नाही. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरूनही दाखल होते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. लोकपालाकडे गेलात तरी नाकारल्याच्या पत्राची तारीख भिंतीवर लिहून ठेवा आणि दोन वर्षं संपायच्या आत हालचाल करा. आयोगाने आपल्या बाजूने निकाल दिला आणि कंपनीला अपील करायचं असेल, तर निकालातली निम्मी रक्कम तिला आधी भरावी लागते. त्यामुळे नुसतं लांबवण्यासाठी अपील करणं कंपनीला सोपं राहत नाही. वेळ लागतो हे खरं. कायद्यात काही महिन्यांची मुदत लिहिली असली तरी प्रत्यक्षात अनेकदा त्याहून जास्त जातो. मनाची तयारी ठेवा.

चौथी वाट सर्वांत महत्त्वाची आणि आपल्यातल्या कितीतरी जणींना माहीत नसलेली. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा आहे. त्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे. त्या यादीत “स्त्री” असा सरळ शब्द आहे. बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दारिद्र्यरेषा लागत नाही. बाई असणं पुरे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि पुरासारख्या आपत्तीत सापडलेली माणसंही त्यात आहेत. तुमच्या दाव्यात तथ्य आहे एवढं प्रथमदर्शनी दिसावं लागतं. मग वकील सरकारी खर्चाने मिळतो, कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्चही त्यात येतो. ग्राहक आयोगासारख्या ठिकाणांसाठीही ही मदत मिळते. आपल्या तालुक्याची विधी सेवा समिती वडगाव मावळच्या कोर्टात आहे. तिथे जा, अर्ज मागा. जायला जमत नसेल तर १५१०० या नंबरवर फोन करा, तो मोफत आहे. याच कायद्यात कायम लोकअदालतीची सोय आहे. विमा सेवा तिच्या कक्षेत येते, रक्कम एक कोटीपर्यंत चालते आणि फी नसते.

आता बघा, खटल्याचा खर्च करणारा हाही तिसराच आहे. पण हा तिसरा चाळीस टक्के मागत नाही, एक टक्काही मागत नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. इथे तिसरा आपल्याच लाभासाठी बसवला आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते. पॉलिसी कोणाच्या नावावर आहे? युनिट बाई चालवते, हात तिचे भाजतात आणि पॉलिसी मालकांच्या नावावर! मग लढणारे तेच ठरतात आणि त्यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची मर्यादा लागते. धंदा तुमचा असेल तर उद्यम नोंदणी, परवाना, पॉलिसी, सगळं तुमच्या नावावर करून घ्या. घरात बोलायला अवघड वाटेल, पण बोला.

एवढं सगळं करूनही समजा हिस्सेदाराचा पैसा घ्यायची वेळ आलीच. मग काय बघायचं?

करार मराठीत, स्वच्छ लिहिलेला हवा आणि त्याची प्रत तुमच्याकडे हवी. हरल्यावर एक रुपयाही मागणार नाही, हे स्पष्ट लिहून घ्या. तोंडी “हरलो तर माझे गेले” आणि कागदावर “व्याजासह परतफेड” असं असेल तर ते साधं कर्ज आहे. मग त्या माणसाकडे सावकारीचा परवाना आहे का ते विचारा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे.

हिस्सा कशाचा, हे लिहा. मिळालेल्या सगळ्या रकमेचा, की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचा? जास्तीत जास्त किती, याचा आकडा घाला. कंपनीने मधेच तडजोड करून तीन लाख देऊ केले तर घ्यायचे की नाही, हे ठरवणार तुम्ही. हा हक्क हिस्सेदाराला देऊ नका. वकीलपत्रावर सही तुमची, वकील तुम्ही निवडलेला. मुखत्यारपत्र, कोरा चेक, कोरा स्टॅम्पपेपर, पॉलिसीची मूळ प्रत, यातलं काहीही त्याच्या हाती जाता कामा नये.

बँकेचं कर्ज असेल तर पॉलिसीवर बँकेचंही नाव असतं आणि भरपाईवर पहिला हक्क बहुधा बँकेचा असतो. सहा लाखांतले चार लाख बँकेकडे वळले आणि तुम्ही पूर्ण सहा लाखांवर चाळीस टक्के लिहून दिलेले असले, तर तुमच्या हातात उलट देणंच राहील. ही आगीतून फुफाट्यात पडण्याची गत. आधी बँकेत जाऊन विचारा.

आणि लपवाछपवी नको. महाराष्ट्रात दिवाणी दाव्यांसाठी खास नियम आहे. खटल्याला पैसा मिळावा म्हणून दाव्यातला हिस्सा बाहेरच्या माणसाला लिहून दिला असेल, तर कोर्ट त्या माणसाला त्याच्या संमतीने वादी करू शकतं आणि समोरच्याच्या खर्चापोटी त्याच्याकडून तारण मागू शकतं. “कोणाला सांगू नका” असं म्हणणारा हिस्सेदार असेल, तर तिथेच थांबा.

आता गटाबद्दल. एखादा गट म्हणेल, आपणच ताईला पैसा देऊ आणि हिस्सा घेऊ, गटाची कमाई होईल. माझं मत स्पष्ट आहे, तसं करू नये. गट आपल्या सभासदाच्या संकटात भागीदार होण्यासाठी नाही. झेरॉक्स, पुण्याला जाण्या-येण्याचं लोकलचं तिकीट, कागद लिहून घेणं, नुकसानीचा अंदाज काढून घेणं, यासाठी लागणारे पाच-दहा हजार नेहमीच्या दराने कर्ज म्हणून द्या. बैठकीत ठराव करा, वहीत लिहा. आणि पैशाहून मोठी मदत म्हणजे सुनावणीला ताईबरोबर एक बाई पाठवा. कचेरीत एकटी बाई गेली की “उद्या या” ऐकते. दोघी गेल्या की खुर्ची मिळते.

दावा टिकतो तो कागदावर. त्यामुळे नुकसान झालं की पहिल्या दिवशी काय करायचं तेही सांगते. कंपनीला लगेच कळवा. साफसफाईच्या आधी फोटो आणि व्हिडिओ काढा. आग असेल तर पोलिसांत नोंद आणि अग्निशमन दलाचा दाखला, पुराचं किंवा वादळाचं नुकसान असेल तर तलाठ्याचा पंचनामा. मालखरेदीची बिलं आणि साठ्याची वही दुकानातच ठेवली तर मालाबरोबर तीही जळते, म्हणून दर महिन्याला मोबाइलवर फोटो काढून मुलीला किंवा गटाच्या सचिवाला पाठवून ठेवा. आणि कंपनी कमी रक्कम देऊन “पूर्ण समाधान झाले” अशा पावतीवर सही मागेल, तर “हरकत राखून स्वीकारले” असं स्वतःच्या अक्षरात लिहून मगच सही करा. अशा पावतीवर सही झाली म्हणून उरलेल्या रकमेसाठी दाद मागण्याचा हक्क कंपनीने नाकारू नये, असं विमा नियामकाने २०१५ सालीच कंपन्यांना कळवलं आहे.

येत्या बैठकीत प्रत्येकीने आपली पॉलिसी घेऊन या. चार गोष्टी वहीत उतरवा: पॉलिसी कोणाच्या नावावर, रक्कम किती, बँकेचं नाव आहे का, आणि कोणत्या नुकसानीला ती लागू नाही. पॉलिसीचं पुस्तक मिळालंच नसेल तर कंपनीकडे लेखी मागा. आणि वहीच्या पहिल्या पानावर १५१०० आणि १५५२५५ हे दोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा.